दरबारात नदीचे नाव

एका राज्यात नदीचे नाव घेण्याची सोय नव्हती. फार मोठ्या दुष्काळात पैलतीरावरचे मेंढपाळ पाण्यासाठी ऐलतीरी आले, तेव्हा कालकंठ मांत्रिक राजाच्या कानी लागला. "महाराज, ही पाण्याची गोष्ट नव्हे. ही राज्यावरची चाल आहे." राजा घाबरला. मांत्रिकाने मंतरलेली राख उधळली आणि नदी सेनापतीच्या ताब्यात गेली. त्याच्या सैनिकांनी काठावर रोवलेले भाले रुजले, वाढले, त्यांचे लोखंडी रान झाले. दरबारात जो नदीचे नाव घेई, त्याचा दगड होई. असे सात दगड सिंहासनासमोर उभे होते. दोन्ही काठांवर माणसे तहानेने मरत होती.

राजा वारला. त्याची कन्या हैमवती गादीवर बसली. एके सकाळी गवाक्षात टिटवी येऊन बोलली, "महाराणी, शाप उतरायला तीन कामे आहेत. शस्त्राविना पैलतीरी जा. तिथे आपली भीती कबूल कर. मग दरबारात नदीचे नाव घे."

"आणि मी दगड झाले तर?"

"ते मला ठाऊक नाही," टिटवी म्हणाली आणि उडून गेली.

हैमवती लोखंडी रानातून अंग ओरखडून घेत नदीपार गेली. पलीकडे मेंढपाळांची प्रमुख तुंगाई उभी होती.

"तलवार कुठे आहे?"

"घरी ठेवली. मला तुमची भीती वाटते."

तुंगाई हसली नाही. "आम्हालाही तुमची वाटते. राज्य नको, बाई. मेंढरांना सकाळचे पाणी हवे."

राणीने तिला दरबारात आणले आणि म्हणाली, "आज नदीविषयी बोलू."

तिची पावले दगड झाली. मग गुडघे, मग कंबर. दरबाऱ्यांच्या माना खाली गेल्या. तेवढ्यात म्हातारा सेनापती रणधवल उठला.

"तेरा वर्षे पहारा केला. शत्रू दिसला नाही, रिकाम्या घागरी दिसल्या. नदीविषयी मलाही बोलायचे आहे."

त्याची पावले दगड झाली, पण राणीची कंबर मोकळी झाली. मग कुंभार बोलला, कोळीण बोलली, तुंगाई बोलली. इतक्या जणांत शाप वाटता वाटता पुरेना. त्याला तडा गेला. सात दगड श्वास घेऊ लागले, काठावरचे लोखंड गंजून गळून पडले.

आणि दरबारात भांडण पेटले. सकाळचे पाणी कुणाचे? वरचा घाट कुणाचा? आवाज चढले. सवयीने सेनापतीचा हात तलवारीच्या मुठीवर गेला.

"बसा, सेनापती," राणी म्हणाली. "भांडण आहे नुसते."

सेनापती खाली बसला आणि बोलायची आपली पाळी कधी येते, याची वाट पाहू लागला.