जोंधळ्याचे फुटवे

फार पूर्वी, दुपारच्या सावलीत टेकलेल्या माणसाशी पिकंही दोन शब्द बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. माळाकडेच्या एका गावात एक बाई राहायची. तिच्या गोठ्यात एकच गाय, तांबू. तिच्यावर बाईचा भारी जीव.

त्या वर्षी चारा लवकर सरला. तांबूच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. अशात एक अवकाळी सर येऊन गेली आणि शेजाऱ्याच्या कापलेल्या जोंधळ्याच्या बुडख्यांतून हिरवेगार फुटवे वर आले. शेजारी मनाने मोकळा. म्हणाला, "वहिनी, खुशाल सोडा गाय. याच शेताचा कडबा खाऊन थंडीभर तुकतुकीत होती ना?"

बाई तांबूला घेऊन निघाली आणि दावं हाताला गुंडाळून बांधावरच्या सावलीत जरा टेकली. उन्हाने थकून डोळा लागला. झोपेत एक फुटवा तिच्या कानाशी डुलत म्हणाला, "बाई, कोवळेपणी मी अंगात विष धरतो. नाहीतर मला वाढू कोण देईल? दाणा भरला की ते ओसरतं. थंडीत तुझ्या गायीने खाल्लं ते माझं म्हातारपण. आता विळ्याने मला पुन्हा बाळ केलंय."

दाव्याला हिसका बसला. बाई दचकून उठली, तर तांबूची मान हिरव्यावर झुकलेली. तिने सगळा जीव एकवटून दावं ओढलं. भुकेली गाय हंबरली तसं बाईला रडू कोसळलं, पण तिने हात सैल सोडला नाही.

तिने शेजाऱ्याला स्वप्न सांगितलं. "स्वप्नाच्या नादाने गाय उपाशी मारणार का?" तो हसला.

"भावजी, तुम्हीही बैल सोडू नका," बाई म्हणाली.

त्याने सोडला. दिवस कलायच्या आत बैल थरथरू लागला, कोसळला, आणि पुन्हा उठला नाही. बाई त्याच्या उशाशी बसून राहिली.

पुढे दोन महिने तिने बाभळीचा पाला ओरबाडून तांबूला जगवलं. मग फुटव्यांना कणसं आली, दाणे टणक झाले. बाई गाय घेऊन त्याच शेतात आली. शेजारी धावत आडवा आला.

"वहिनी, नका. विष आहे ते."

"तेव्हा होतं, भावजी. आता पीक जून झालंय."

तांबू खात राहिली. शेजारी अंधार पडेपर्यंत तिच्या पायांकडे बघत उभा होता. पाय काही थरथरले नाहीत.

तात्पर्य: चांगलं किंवा वाईट असा शिक्का एकदाच मारून मोकळं होऊ नये, समोरचं आज कोणत्या वयात, कोणत्या वेळेला उभं आहे, ते पाहावं.