वाकलेला मॉनिटर

"उस्ताद, दादा मॉनिटर घ्यायला दोनदा नाशिकला गेला आणि दोन्ही वेळा रिकाम्या हातानं का आला?"

हे मी आईला विचारलं होतं. दादाच्या मित्रांना विचारलं होतं. नाशिकच्या दुकानदाराला फोन लावूनही विचारलं. आई म्हणाली, मला काय कळतं त्यातलं. मित्र म्हणाले, बघू बघू करत होता. दुकानदार म्हणाला, गिऱ्हाइकं येतात, जातात.

रंगनाथ उस्ताद मागावर बसले होते. त्यांनी धाग्याचा धोटा या हातातून त्या हातात टाकला, फणी ओढली आणि म्हणाले,

"ते सायकलला काय बांधून आणलंस?"

"पुठ्ठा."

"एवढा?"

"मॉनिटरच्या मापाचा. एकोणपन्नास इंच. मी स्वतः कापलाय."

"आत आण. वाऱ्यानं उडेल, आणि मागं तूही जाशील."

येवल्यात आमच्या गल्लीतली निम्मी माणसं पैठणी विणायला उस्तादांकडे शिकली. दादा शिकला. मी आठवीत शाळा सोडली आणि दादाच्या शेजारी जाऊन बसलो. रुंद पदर असला की उस्ताद एका मागावर दोघांना बसवतात. बसायला एकच फळी. उजवीकडे थोरला, डावीकडे धाकटा. समोर एकच नक्षा टांगलेला. आम्ही तसे सात वर्षं बसलो.

पुढे दादानं विणणं कमी केलं आणि पदरांचे नक्षे कॉम्प्युटरवर काढायला लागला. दिवसा नक्षे, संध्याकाळी गाड्यांची गेम. त्याचा मॉनिटर जुना, छोटा. मोराचं डोकं दिसलं की पाय खाली जायचे. गेममध्ये समोरचा रस्ता दिसायचा, शेजारून घुसणारी गाडी दिसायची नाही. दादा म्हणायचा, रुंद मॉनिटर पाहिजे. अख्खा पदर एका नजरेत आला पाहिजे. तीन वर्षं हेच चाललं होतं. त्यासाठी पैसे बाजूला काढले होते, ते अजून कपाटात तसेच आहेत. म्हणजे पैशाची अडचण नव्हती.

श्रावणात त्याला डेंग्यू झाला. सहा दिवसांत गेला. हर्षल त्याचं नाव. एकोणतीस वर्षांचा होता.

दहाव्याला आम्ही कोपरगावच्या घाटावर गेलो. पिंड मांडला. कावळे समोरच्या भिंतीवर बसलेले, एकही खाली येईना. मामा म्हणाला, हर्षल, आईला आम्ही बघू. नाही आला. आई म्हणाली, धाकट्याचं लग्न करीन रे. नाही आला. ऊन चढलं. गुरुजी घड्याळ बघायला लागले.

मला राहवलं नाही. मी ओरडलो, "दादा, मी घेतो तुझा मॉनिटर! वाकलेला! सगळ्यात मोठा!"

लोक माझ्याकडे बघायला लागले. मामानं माझा दंड धरला.

आणि कावळा आला.

गुरुजी म्हणाले, "आता आणावा लागेल बाबा."

तेव्हापासून आई रोज सकाळी एकच विचारते, "आणलास का?" ती नीट जेवत नाही. पोराचा जीव त्या काचेत अडकलाय, असं तिला वाटतं. चुकीचा आणला तर काय, हे मला कोणाला विचारताही येईना. म्हणून मी पुठ्ठा कापला आणि उस्तादांकडे गेलो. दुसऱ्या खेपेला दादा त्यांनाच सोबत घेऊन गेला होता.

मी पुठ्ठा भिंतीला टेकवला.

"सगळी माहिती काढलीय मी," मी म्हणालो. "चौतीस इंची येतो, एकोणपन्नास इंची येतो. कमी वाकलेला येतो, जास्त वाकलेला येतो. एकोणपन्नास म्हणजे दोन मॉनिटर एकमेकांना जोडल्यासारखे. मी तोच घेणार. जास्त वाकलेला."

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

"दादानं कोणता धरला होता, ते तुम्हाला माहीत असेल."

"वाकवून दाखव."

"काय?"

"पुठ्ठा. वाकलेला म्हणतोस ना? हा तर सरळ आहे. माझा एकच डोळा चालतो, पण एवढं दिसतं."

मी पुठ्ठा वाकवला. दोन्ही कडांना विटा लावल्या. उस्ताद मागावरून उठले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"किती वाकवायचा हे कसं ठरतं?"

"त्यावर आकडा असतो. एक हजार असेल तर... तसाच वाकवत नेऊन पूर्ण गोल केला, तर गोलाच्या मध्यापासून काचेपर्यंत एक मीटर."

"मध्यावर काय असतं?"

"डोळे."

"किती?"

"दोन."

"कोणाचे?"

मला राग आला. "ज्याचा मॉनिटर त्याचे! तुम्ही काय मला पहिलीतला समजता?"

"पहिलीतला असतास तर लवकर झालं असतं," उस्ताद म्हणाले.

त्यांनी रिळावरून रेशीम ओढलं. मीटरच्या पट्टीवर मोजून तीन धागे तोडले. तिन्ही सारखे. मेण लावून एक पुठ्ठ्याच्या डाव्या कडेला चिकटवला, एक मधोमध, एक उजव्या कडेला. मग एक फळी ओढून पुठ्ठ्यासमोर टाकली.

"बस. बघ कसा वाटतो."

मी बसलो.

उस्ताद मी कुठे बसलो ते बघत राहिले.

"काय झालं?"

"मधे कोण बसलंय?"

मी बघितलं. मी फळीच्या डाव्या टोकाला बसलो होतो. पाऊण फळी रिकामी होती.

"सवय आहे," मी म्हणालो.

"घरी कॉम्प्युटरसमोर कुठे बसायचास?"

"असाच. दादानं खुर्ची घेतलीच नव्हती. मागाची जुनी फळी दोन स्टुलांवर टाकली होती. तो गाडी चालवायचा, मी डावीकडून सांगायचो, दादा ट्रक आला, दादा वळण आलं."

"आणि नक्षे काढताना?"

"तेव्हाही. तो नक्ष्यातली चौकोनी घरं रंगानं भरायचा, मी मोजायचो. त्याचं मोजताना चुकायचं."

"तुझं?"

"माझं नाही चुकायचं."

उस्तादांनी फळीच्या मध्यावर बैठक मारली आणि तिन्ही धाग्यांची टोकं एका मुठीत धरली, नाकासमोर. तिन्ही धागे ताठ झाले. एकही सैल नाही. बोटानं छेडलं तर तिन्ही सारखे थरथरले.

"ताठ?"

"ताठ."

"घे." त्यांनी मूठ माझ्या हातात दिली. "सोडू नकोस. आता तुझ्या जागेवर बस."

मी धागे धरून डावीकडे सरकलो. डावीकडचा धागा सैल पडून फळीवर आला. मधला ताणला. मी अजून थोडा सरकलो. उजवीकडचा धागा पुठ्ठ्यावरून सुटला आणि माझ्या मांडीवर येऊन पडला.

मी तो उचलून परत चिकटवायला गेलो. उस्ताद म्हणाले, "राहू दे."

बाहेर कोणाच्या तरी मागाचा आवाज चालू होता. खट खट...

"नाशिकच्या दुकानात," उस्ताद म्हणाले, "त्यानं हाच बघितला होता. एकोणपन्नासवाला. दुकानातल्या पोरानं गेम लावून दिली. खुर्चीत बसला. काय खूश झाला! मला म्हणाला, उस्ताद, रस्ता कानापर्यंत येतो."

"मग?"

"मग उठला. खुर्चीच्या डावीकडे जाऊन उकिडवा बसला. तिथून बघत राहिला. बराच वेळ. दुकानातलं पोरगं हसायला लागलं."

"आणि?"

"आणि काय? मला चहा पाजला. आम्ही बसनं परत आलो."

"पण का?"

उस्तादांनी मेणाचा गोळा खिशात टाकला.

"पण का, उस्ताद? तुम्ही विचारलं नाही त्याला?"

उस्ताद मागावर जाऊन बसले. धोटा टाकला. फणी ओढली. पुन्हा टाकला.

मी तिथेच बसून राहिलो. रडलो असेन. नक्की आठवत नाही. पुठ्ठा वाकून वाकून थकला आणि एका बाजूनं विटेसकट पडला, तेव्हा मी उठलो.

"सपाट पण येतो," मी म्हणालो. "रुंद आणि सपाट. लोक घेत नाहीत, पण मागवला तर येतो. मी वाचलंय."

"येत असेल."

"पण मी वाकलेला कबूल केलाय ना!"

"कोणाला?"

"कावळ्याला."

"मग कावळ्याला बसव फळीवर."

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. दादाला जाऊन महिना झाला नव्हता. उस्तादांनी वर बघितलं नाही.

"आईला काय सांगू?"

"तिला विचार, तिच्या पोरानं एकट्यासाठी कधी काही घेतलं का? सदरासुद्धा?"

मी घरी जाऊन आईला विचारलं. ती भाकरी करत होती. तिचा हात थांबला. तिनं आठवून बघितलं, बराच वेळ. तव्यावरची भाकरी करपली. मग म्हणाली, "जा, तुला कळेल तो आण."

त्या दिवशी ती दोन वेळा जेवली.

नाशिकचा दुकानदार मला समजावत होता. "भाऊ, हल्ली सपाट कोण घेतं? गेमिंगला कर्व्हच पाहिजे. बसून तर बघा." मी बसलो. खरंच रस्ता कानापर्यंत येतो. दादा खोटं बोलला नव्हता. मग मी उठलो आणि म्हणालो, चौतीस इंची, सपाट, मागवून द्या. तो म्हणाला, आठ दिवस लागतील. मी म्हणालो, लागू द्या.

मॉनिटर आला तेव्हा मामानं आणि मी तो टेम्पोतून घरी आणला. दादाच्या टेबलावर ठेवला. वायरी मला लावता येतात. चालू केला आणि दादाचा अर्धवट राहिलेला नक्षा उघडला. मोरांचा पदर. अख्खा दिसला. डोकं, पाय, पिसारा, काठ, सगळं एका नजरेत. एका मोराची घरं भरायची राहिली होती. ज्याच्यासाठी तो नक्षा होता त्या विणकरानं दोनदा निरोप पाठवला होता आणि दोनदा म्हणाला होता, घाई नाही. घाई असणारच. माग तसा रिकामा ठेवून कोणाला परवडतं?

मला घरं मोजता येतात. भरायला मी कधी बसलो नव्हतो. माऊस दादाच्या हातात असायचा. तो अजून उजवीकडेच पडलेला होता. मी डावीकडे बसून मोजलं. पिसाऱ्यात एकशे बारा घरं राहिली होती. पुन्हा मोजली. एकशे बारा. मग तसाच बसून राहिलो. असे दोन दिवस गेले. रोज सकाळी मॉनिटर चालू करायचो, मोजायचो, बंद करायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी उस्ताद आले. आईनं पाणी दिलं. ते आत आले, मॉनिटर बघितला, बोटानं वरची कड चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"सरळ आहे," म्हणाले.

"हो."

"मोर राहिलाय वाटतं."

"एकशे बारा घरं."

"मग?"

"मला भरता येत नाही, उस्ताद. मी फक्त मोजतो."

उस्ताद माझ्या डाव्या अंगाला येऊन उभे राहिले.

"सरक."

"तिकडे जागा आहे ना. उजवीकडे बसा."

"माझा उजवा डोळा बरा आहे, डावा गेलाय. डावीकडून बसलो तर मला दिसतं. तू सरक तिकडे."

मी हललो नाही. फळीकडे बघत राहिलो. उजवीकडे दादाच्या बसण्यानं लाकूड गुळगुळीत झालं होतं...

उस्ताद उभेच होते. त्यांचे गुडघे दुखतात. आई दारातून बघत होती.

मी सरकलो. दादासाठी मी शेवटचं काही केलं असेल तर एवढंच.

माऊस हातात घेतला. उस्ताद हळूच माझ्या जागेवर टेकले, धोतर सावरलं, मान पुढे काढली.

"हं," म्हणाले. "मोजायला मी आहे."