सभापतींच्या गाडीचं दार

बाजार समितीचे सभापती रंगराव मोहिते यांच्या गाडीचं दार असं करकरायचं की गल्लीतली झोपलेली कुत्री उठून बसायची. घरात त्यांची बायको सगुणाबाई रोज सांगायची, "मोरी तुंबलीय, माणूस बोलवा." पण रंगराव ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

एकदा नवे व्याही आणि विहीणबाई घरी आले. नेमकं त्यांच्यासमोर दार करकरलं आणि रंगरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगुणाबाईंनी शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आणली, बिजागरीत थोडं तेल सोडलं आणि दार पुढंमागं हलवलं. आवाज बंद!

"वा!" रंगराव व्याह्यांना टाळी देत म्हणाले. "आता बायकांची कुरकुर थांबवणारं तेल निघालं की आपण सुटलो!"

"अहो, त्या कुरकुरीलाही हेच तेल चालतं," सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या. "पण कुरकुरतं ते दार, गंज मात्र असतो बिजागरीत. म्हणून तेल बायकोला नाही, नवऱ्याला घालायचं. बोला, कुठल्या कानात घालू?"

व्याही पोट धरून हसले. रंगरावांनी लगेच मोरी साफ करणाऱ्याला फोन लावला. तेवढ्यात विहीणबाई हळूच सगुणाबाईंजवळ सरकल्या. "कुपीत तेल उरलंय का हो? आमच्याकडेही लागेल."