कडेला उभी माणसं

कॅमेऱ्यांना बोलता यायचं, त्या काळची गोष्ट. चिपळूणच्या रेडीज फोटोग्राफरनी लग्नांच्या फोटोंसाठी एक अल्ट्रा वाइड झूम लेन्स पारखायला आणली आणि आपल्या म्हाताऱ्या कॅमेऱ्याला लावली.

"आजोबा, मलाच ठेवून घ्या," लेन्स म्हणाली. "तुमची जुनी लेन्स वीस माणसांतच हात टेकते. मी अख्खा मांडव एका फोटोत बसवते. कुणालाही वगळत नाही."

कॅमेऱ्याच्या मनात पाल चुकचुकली. इवल्याशा काचेत एवढी माणसं बसवायची, तर कुणाचे तरी हाल होणारच. "आधी एक फोटो काढून दाखव," तो म्हणाला.

त्याच दिवशी एका लग्नाच्या मांडवात फोटो निघाला. मधल्या खुर्च्यांवरचे व्याही आणि बडे पाहुणे अगदी हुबेहूब आले होते. कडेला उभ्या आचाऱ्याचं डोकं मात्र दुधीभोपळ्यासारखं ताणलं होतं, आणि भांडी घासणारी ठकूबाई तर ओळखूही येत नव्हती.

"कडेला थोडं ताणलं जातंच," लेन्स म्हणाली. "पण आजवर कुणाची तक्रार आली नाही."

"येईल कशी?" कॅमेरा म्हणाला. "अल्बम जातो तो मधल्या खुर्च्यांवरच्यांच्या घरी."