चार मोजेपर्यंत

“ते काम परत येईल का नाही, एवढंच सांगा तात्या.”

संपतराव शितोळे ओट्यासमोर उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नव्हते.

सिद्राम बनसोडे ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. वय एक्याऐंशी. स्टेशनामागच्या काच कारखान्यात प्रयोगशाळांसाठीचे मोठे चंबू फुंकणारा त्यांच्यासारखा दुसरा नव्हता. कारखान्यात संपतराव त्यांना नुसतं सिद्राम म्हणत. तात्या हे अलीकडचं.

सुनेने पाण्याचा पेला आणून ठेवला.

“नको,” संपतराव म्हणाले. “आत्ताच घेतलंय.”

ती आत गेली. पेला तिथेच राहिला.

“कुठलं काम?” तात्यांनी विचारलं.

“चंबूंचं. बावीस वर्षांपूर्वी साचे चीनला विकून मालक मोकळा झाला, ते काम. आता दुसरा मालक मिळालाय. भट्टी नव्याने बांधतो म्हणतो. तिकडून माल आणणं त्याला परवडत नाही. त्याची अट एकच. मोठा चंबू फुंकणारी सहा माणसं दाखवा. सोमवारी त्याचा माणूस येतोय.”

“किती आहेत?”

“कामगारांच्या समितीकडे दोनशे दहा नावं आलीत.”

“फुंकणारी किती?”

संपतरावांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“संपतराव, किती?”

“तुम्ही.”

तात्या हसले. हसता हसता खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही.

“अर्धी छाती गेली माझी,” ते म्हणाले. “तेव्हा अर्धा माणूस धरा.”

संपतरावांनी पिशवीतून एक खोकं काढलं. खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला काचेचा गोल चंबू होता, दहा लिटरचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागून आणला होता.

“हे बघा. कुठून आलाय ते बुडाला लिहिलंय. आपला कारखाना इथून दोन मैलांवर, आणि आपल्याच गावच्या कॉलेजात हा समुद्रावरून येतो. बघून डोकं फिरतं माझं.”

तात्यांनी चंबू उन्हात धरला, सावकाश फिरवला आणि मानेखाली अंगठा टेकवला. अंगठा एका जागी थांबला.

“लिऊ,” ते म्हणाले.

“काय?”

“हा लिऊनं फुंकलाय. नाहीतर त्याच्या हाताखालच्या कुणी. इथं डावीकडे हलकासा चढ आहे, लागतोय? ती माझी खोड. माझा डावा हात आधी थकायचा. त्याला म्हटलं होतं, एवढं सोडून बाकीचं शीक… त्यानं तेही घेतलं.”

संपतरावांनी चंबूला हात लावला नाही.

“म्हणजे लोक म्हणायचे ते खरं होतं.”

“काय म्हणायचे?”

“आम्ही गेटवर उपाशी बसलो होतो, आणि आत तुम्ही चीनच्या माणसांना शिकवत होता.”

“शिकवत होतो.”

“तीन महिने.”

“शंभर दिवस.”

“अभिमानानं सांगताय?” संपतरावांचा आवाज चढला. समोरच्या घरातली बाई दारात आली. “साचे गेले तर गेले. साचे कुणीही करतं. तुम्ही हात दिलेत त्यांना. दोनशे घरांच्या पोटावर पाय आणला तुम्ही. माझा पोरगा पुण्यात गोदामाच्या दारात बारा तास शिट्टी घेऊन उभा असतो. काच फुंकणाऱ्याचा पोरगा.”

“तुम्ही कधी काच फुंकलीत?”

संपतराव खोक्यातल्या वर्तमानपत्राची घडी घालू लागले.

“सांगा की. माझ्या बाकावर किती दिवस होता तुम्ही?”

“आठ महिने.”

“मग?”

“मग युनियनमध्ये गेलो.”

“हां. तिथं दम पुरायचा तुमचा.”

समोरची बाई हसली आणि आत गेली.

“चेष्टा करू नका तात्या. मी तुमच्या पाया पडायला आलोय.”

“पाया पडायला वाकावं लागतं. तुम्ही अजून बसलासुद्धा नाही.”

संपतराव ओट्याच्या कडेवर टेकले. पेल्यापासून हातभर लांब.

तात्यांनी चंबू मांडीवर घेतला. बोलले तेव्हा आवाज खालचाच होता, पण मघाचा राहिला नव्हता.

“भट्टीतून काच उचलायची मी. पहिला श्वास माझा. मग नळी तुमच्याकडे. चार मोजेपर्यंत दुसरा श्वास आत गेला पाहिजे, नाहीतर काच गार होते. एक बाजू जाड, एक पातळ. आठवतंय?”

“आठवतंय.”

“तुमचे किती व्हायचे?”

“ते नाही आठवत.”

“सात. आठ महिने रोज सात. खांद्यावर फडकं असायचं तुमच्या. बनसोड्याचं तोंड लागलेली नळी… आधी ती पुसायची, मग स्वतःच्या तोंडाला लावायची. दिवसाला वीस-वीस चंबू फोडायचो मी तुमच्या पायी. फोडताना मनात काय यायचं, ते कुणी विचारलं नाही.”

“मी एकटा होतो का? सगळेच करायचे.”

“सगळेच. मालकानं एकवीस पोरं दिली होती माझ्या हाताखाली. एकवीस फडकी.”

“काळ तसा होता तात्या. घरी कळलं असतं तर—”

“फडकं तुमच्या हातात होतं. आणि मग तो लिऊ आला. पहिल्या दिवशी मी नळी पुढे केली आणि सवयीनं थांबलो. म्हटलं, पुसेल. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, हा म्हातारा का थांबलाय म्हणून. मग त्यानंच नळी ओढून घेतली.” तात्यांनी तीन बोटं दाखवली. “तीन. त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही मी. छत्तीस वर्षं ज्याची वाट बघितली, ते कुण्या परक्या मुलुखातल्या पोरानं केलं. त्याला त्यात काही केलंय असंसुद्धा वाटलं नाही. आणि तुम्ही मला विचारताय, त्याला का दिलं? मग कुणासाठी ठेवायचं होतं? सांगा. कुणासाठी?”

खोकला पुन्हा आला. सून दारात आली. तात्यांनी हातानेच तिला परत पाठवलं.

संपतरावांनी विचारलं, “पत्र येतं का त्याचं?”

“वर्षातून एक. चाळीस पोरं शिकतात त्याच्याकडे.”

“मग त्यालाच बोलवा. सहा महिने येऊ दे. नव्या मालकाला मी सांगतो. आपल्या पोरांना शिकवू दे.”

“येईल तो. मी बोलावलं तर उद्या निघेल. त्याच्या तोंडची नळी घेतील पोरं?”

“घेतील.”

“त्याचं सोडा. माझा नातू शिकलाय थोडंफार, त्याच्या तोंडची?”

“घेतील तात्या. आता ते काही राहिलेलं नाही. कोण बघतं आता असलं?”

पेला भरलेला होता. काठावर एक मुंगी फिरत होती.

तात्या भिंतीला धरून उठले. ओट्याच्या टोकाला दोन खिळ्यांवर एक लांब लोखंडी नळी आडवी ठेवलेली होती. तिच्यावर धुणं वाळत होतं. त्यांनी लुगडं काढलं, टॉवेल काढला, घडी करून बाजूला ठेवला. नळी उतरवली. तोल जाईलसं वाटलं, म्हणून संपतराव पुढे झाले, पण तोवर ते सावरले होते.

त्यांनी नळीचं टोक तोंडाला लावलं. डोळे मिटले. छातीत जेवढं होतं तेवढं सगळं फुंकलं. गळ्याच्या शिरा फुगल्या. मग तोंड काढलं. टोक ओलं होतं, उन्हात चमकत होतं.

नळी त्यांनी संपतरावांसमोर धरली.

संपतरावांचा उजवा हात पुढे आला.

डावा पँटच्या खिशात गेला.

तो आपोआपच गेला. रुमाल अर्धा बाहेर आला, तेव्हा संपतरावांनी खाली पाहिलं. आपल्याच हाताकडे पाहत राहिले. चेहरा आधी पांढरा पडला, मग कानापर्यंत लाल झाला.

“थांबा,” ते म्हणाले. “थांबा तात्या, तसं नाही…”

तात्यांच्या हातातली नळी हलली नाही.

संपतरावांनी रुमाल खिशात कोंबला, दोन्ही हातांनी नळी घेतली आणि तोंडाला लावून फुंकली. सबंध अंगातला राग घालून फुंकली. दुसऱ्या टोकातून बावीस वर्षांचा गंज आणि माती भसकन ओट्यावर पडली.

त्यांनी नळी खाली घेतली. डोळ्यांत पाणी आलं होतं. ओठांवर ओल तशीच होती, ती त्यांनी पुसली नाही.

“लावलं की नाही तोंड?” ते म्हणाले. “लावलं ना मी?”

तात्या ओट्यावर पडलेल्या गंजाकडे बघत होते.

“सात झाले, संपत.”