झिपरीचं वारूळ

पावणं, आधी पैज लावा, मग गोष्ट. हिच्यात शेवटाला मेलं कोण, ते वळखायचं. न्हाई जमणार तुम्हास्नी!

ह्ये वारूळ बघा, पुरुषभर उंच. श्रावणात ह्याच्या अंगाखांद्यावर अळंब्या फुटत्यात, पाटीच्या पाटी. आन आमच्या वाडीतलं एक माणूस हात लावत न्हाई.

लई जुनी गोष्ट. झिपरी नावाची ठाकरीण हितंच खोपटं करून ऱ्हायची. कुठली अळंबी खायची, कुठली टाकायची, ते तिनं सांगायचं आन वाडीनं ऐकायचं, असं सांगत्यात. एकदा पाटलाच्या लेकीला बघाया सोयरं आलं. गड्यांनी गुरचरणातनं ताटाएवढाल्या अळंब्या आणल्या. झिपरीनं एक उलटी केली. आतनं हिरवट झाक, दांड्याला कडं.

"पाटील, ही खायाची न्हाई. उकिरड्यावर टाका."

पाटलानं ऐकलं न्हाई. कालवण शिजवलं, आन बोटातली चांदीची अंगठी त्यात टाकली. इख असलं तर काळी पडंल म्हणं. अंगठी निघाली लख्ख!

"बघ गं, दीडशहाणे! आता तूच गुमान वाढ, म्हंजी सोयरं बिनघोर खातील. न्हाईतर खोपटं मोडीन."

झिपरी पातेलं मांडीशी धरून पाटलाच्या उंबऱ्यातच बसली. "मोडा की! पर पैला घास तुमचा. मग सोयऱ्यांस्नी वाढीन."

पाटलानं गड्यांना खूण केली. खोपटं मोडलं. अख्खी वाडी नुसती बघत हुती. झिपरीनं पातेलं सोडलं न्हाई. सोयरं लागलं एकमेकाच्या तोंडाकडं बघाया. तवा पाटील इरेला पेटला आन वाटीभर हाणलं.

सोयऱ्यांच्या पानात पडायच्या आत पाटील तांब्या घिऊन वढ्याला! वरनं बी, खालनं बी. तीन दिस चाललं म्हणं. पर मेला न्हाई हां. कुणीच मेलं न्हाई. हरलासा पैज!

झिपरीनं पातेलं उकिरड्यावर पालथं केलं आन डोंगराची वाट धरली. वाडी मागनं पळाली. "माय, माघारी ये. खोपटं बांधून देतो. न्हाईतर निदान वळख तरी शिकीव."

तिनं वळून बी बघितलं न्हाई. "अंगठीलाच इचारा," म्हणाली.

आजही आमच्यात कुणाला चांगली-वाईट अळंबी वळखाया येत न्हाई. डोंगरापल्याडची ठाकरं येत्यात, ह्याच वारुळावरनं पाट्या भरून नेत्यात. त्यांच्या चुलीवरनं वास सुटतो डोंगरभर. आम्ही तो हुंगत बसतो, आन गिळतो वालाचं कालवण.