डाळीचे चार दाणे

“यात न समजण्यासारखं काय आहे, बाई?” डॉ. प्रणित वैतागून म्हणाला.

दमयंतीबाईंनी दाराबाहेर बाकाकडे पाहिलं. तालुक्याच्या गावी त्यांचा लहानसा दवाखाना होता आणि प्रणित सहा महिन्यांपासून त्यांच्या हाताखाली शिकत होता. पोरगा हुशार, आणि ते त्याला चांगलंच ठाऊक.

बाहेर बाकावर सारजा बसली होती. दोन मुलं पदरात, सातवा आठवडा, तिसरं नको होतं. गर्भपाताची पहिली गोळी तिनं परवा इथंच घेतली होती. आज पुढच्या चार गोळ्या घरी न्यायच्या. प्रणितनं सगळं एका दमात सांगितलं, तिनं मान हलवली, आणि गोळ्या टेबलावर तशाच ठेवून बाहेर गेली.

“चार गोळ्या जिभेखाली ठेवायच्या, अर्धा तास. एवढंच तर सांगितलं.”

बाईंनी खणातून डबी काढली. हरभऱ्याच्या डाळीचे चार दाणे त्याच्या तळहातावर ठेवले.

“जिभेखाली धर. अर्धा तास. आणि तिच्या शेजारी जाऊन बस.”

“तिला सांगू काय?”

“धर तर आधी...”

आता तोंडात डाळ धरून शहाणा बोलणार कसा? बसला मुकाट्यानं. पाच मिनिटं गेली... दहा गेली...

मग तीच बोलायला लागली. तिच्या जावेनं कुणाला न विचारता दुकानातून गोळ्या आणून खाल्ल्या होत्या, मरता मरता वाचली. नवऱ्याला माहीत आहे, सासूला नाही. कळा सोसेन, म्हणाली.

“पण किती रक्त गेलं म्हणजे घाबरायचं, डॉक्टर? मला पोरांसाठी जगायचंय.”

उत्तर त्याला पाठ होतं. पण तिचं अजून संपलं नव्हतं. तो ऐकत राहिला.

अर्धा तास भरल्यावर त्यानं सावकाश सांगितलं. काही तासांत कळा येतील, पाळीपेक्षा जास्त रक्त जाईल, गाठी पडतील, ते व्हायचंच. दुखण्याची गोळी घ्यायची, सोबत कुणी तरी हवं. तासात दोन मोठे पॅड भिजले आणि सलग दोन तास तसंच झालं, किंवा दुसऱ्या दिवशीही ताप राहिला, तर तडक इकडे यायचं. थोडं थोडं रक्त पंधरा दिवसही जाऊ शकतं. सासूला इथून काही कळणार नाही.

“ह्यांना रजा टाकायला लावते,” सारजा म्हणाली, आणि गोळ्या घेऊन गेली.

पंधरा दिवसांनी ती तपासणीला आली. सगळं नीट पार पडलं होतं. जाताना तिनं प्रणितपुढे हात जोडले.

“लई उपकार झाले, डॉक्टर. माझं एवढं कुणी ऐकून घेतलं नव्हतं.”

ती गेली तसा प्रणित बाईंच्या पाया पडला. त्याचे डोळे भरून आले होते.

“बाई, तुमचे आभार कसे मानू? त्या दिवशी मला कळलं की...”

बाईंनी त्याच्यापुढे हात पसरला.

“पुढची पेशंट आलीय. आज डबीतली डाळ मला दे, जिभेखाली मी धरते.”